पेला क्रमांक बासष्ट

मोंबासात सकाळी सातला
पेढीच्या लांब टेबलावर एकशे ऐंशी पेले मांडून होतात.
म्वानैदी चमचा भरते,
फुर्रकन ओढते, इतक्या जोरात
की खिडकीतला कावळा मान वाकडी करतो,
मग पिकदाणीत थुंकते आणि एक शब्द म्हणते.
तो शब्द लिहून घेणं ही माझी नोकरी.

कडसर. उजळ. पोकळ.
जरा धुरकट, भट्टीवाल्याचा डोळा लागला असणार.
सव्वीस वर्षं ती असंच बोलत आलीय
आणि डोंगरात कुठेतरी कुणाच्या तरी चहाला
त्या एका शब्दावर भाव मिळत आलाय.

फोन माझ्या मांडीवर.
केरिचोचा दलाल, दुबईचा गिऱ्हाईक,
ऑफिसचा ग्रुप, आणि आम्हा चौघांचा वेगळा ग्रुप,
ज्यात आम्ही पहिल्या ग्रुपबद्दल बोलतो.
बरासासाहेब रात्री अकराला लिहितात, 'घाई नाही.'
घाई नाही, एवढं वाचायला
मी भरल्या ताटावरून उठलोय.

मार्चात बासष्ट नंबरला ती 'उजळ' म्हणाली,
मी 'पोकळ' लिहिलं.
कुणाच्या तरी वाढदिवसाला केकचं चित्र पाठवत होतो.
कुणाच्या, ते आता आठवत नाही.
नांदीच्या एका लहानशा कारखान्याची चाळीस पोती
पडत्या भावात गेली.
म्वानैदीने वही पाहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.
तिने तो पेला पुन्हा उचलला, गार, साय धरलेला,
चाखला,
आणि म्हणाली, 'उजळ.'

मग कंपनीने आमच्या भल्यासाठी एक ॲप आणलं.
दर तासाला किणकिणतं: दीर्घ श्वास घ्या.
नाही घेतला तर पडद्यावरचं झाड सुकतं,
आणि कुणाकुणाची झाडं सुकली
त्याची यादी शुक्रवारी साहेबांकडे जाते.
मी श्वास न घेता बटण दाबायला शिकलो.

जूनमध्ये समुद्राखालची तार तुटली.
दीड दिवस कुणालाच काही कळेना.
पहिला तासभर मी मांडी चाचपत होतो,
दाढ काढलेल्या जागी जीभ जावी तसा.
मग किटल्या ऐकू आल्या. चिनी मातीवर चमचा.
किलिंदिनीच्या धक्क्यावर एक जहाज बराच वेळ भोंगा देत होतं.
आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच कळलं
की प्रत्येक शब्दाआधी म्वानैदी थांबते,
दोन शब्द तोंडात धरते,
एक गिळते.

एका पेल्यापाशी ती जरा जास्तच थांबली.
'चारो, हा तू चाख.'
मी? मी तर लिहिणारा.
जीभ आखडली. म्हटलं,
'हिरव्या काजूच्या सालीसारखा.'
ती हसली. 'लिही, लिही.'
त्या दिवशी साडेअकरालाच पेले संपले. एरवी दोन वाजतात.

साहेबांनी आकडे पाहिले. हुकूम निघाला:
रोज आठ ते दहा नेट बंद.
त्याची आठवण पावणेआठला फोनवर येते, किणकिणत,
आणि वाचल्याची खूण केली नाही
तर गैरहजेरी लागते.

खूण करून मी फोन नमुन्याच्या डब्यात टाकतो,
चहाच्या भुकटीत पुरतो, वर झाकण.
रिकामी मांडी अजून मधूनच थरथरते.
काल दहाला डबा उघडला, तर सतरा निरोप.
सोळा माझ्यावाचून मजेत निपटले होते.
सतरावा किलिफीहून, आईचा:
काजू उतरवायला माणूस नाही,
येतोस का.

तो वाचताना फोनला चहाचा वास येत होता.
म्वानैदीने चमचा खाली ठेवला,
आणि मी उत्तर लिहून होईपर्यंत
पुढच्या पेल्याला हात लावला नाही.